आधी दाखला, मग पासपोर्ट

तान्ह्या बाळाला कशाला हवा पासपोर्ट, असं माझ्या आजेसासूबाईंनी विचारलं, आणि त्यांचं अगदीच काही चुकलं नव्हतं. पूर्वी मुलांची नावं आईवडिलांच्या पासपोर्टवरच चढवली जायची. माझ्या आईच्या जुन्या, हस्तलिखित पासपोर्टात माझं नाव आणि जन्मतारीख निळ्या शाईत अजून आहे. आता तसं चालत नाही. माणूस एक तर पासपोर्ट एक, असा दंडक आहे आणि त्यातून तीन महिन्यांचं बाळही सुटत नाही. दोन वर्षांखालचं मूल विमानात मांडीवर बसतं, त्याला सीट नसते. पण पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट मात्र त्याच्या स्वतःच्या नावाचं लागतं.

आम्हाला जायचं होतं जर्मनीला, नणंदेकडे. नवऱ्याची रजा आधीच मंजूर होऊन बसलेली. ज्याला सांगावं तो पासपोर्ट ऑफिसची धास्ती घालत होता: रांगा, खेपा, पोलीस चौकशी. प्रत्यक्षात तिथलं काम एका सकाळीत उरकलं. घाम काढला तो जन्मदाखल्याने. म्हणून कोणी मला विचारलं की बाळाचा पासपोर्ट कसा काढायचा, तर मी त्यांना उलट विचारते, "दाखला आला का? आणि आला असेल तर नीट वाचलास का?"

याला कारण आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत पासपोर्टचे नियम बदलले. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या कोणाच्याही जन्मतारखेचा पुरावा म्हणून आता फक्त जन्मदाखलाच चालतो. मोठ्या माणसांना शाळेचा दाखला, पॅन, वाहन परवाना असे बरेच रस्ते मोकळे आहेत. बाळापुढे हा एकच. त्यात जे लिहिलंय ते पासपोर्टवर उतरणार, आणि जे चुकलंय तेही.

माझं बाळंतपण माहेरी झालं. जन्माची नोंद बाळ जिथे जन्मलं तिथे होते, आईवडील कुठे राहतात त्याच्याशी तिचा संबंध नसतो. त्यामुळे आमची नोंद माहेरच्या गावच्या नगरपरिषदेत. दवाखान्यातल्या बाळंतपणाची माहिती दवाखान्यानेच निबंधकाला कळवायची असते, तीही २१ दिवसांच्या आत. ती त्यांनी वेळेवर कळवलीही. फक्त फॉर्म भरणाऱ्या मुलीने माझं नाव माझ्या आईला विचारलं. मी तेव्हा उत्तर देण्याच्या स्थितीत नव्हते. आईने काय सांगितलं असणार? जावयाचं नाव आणि सासरचं आडनाव लावून, मोठ्या कौतुकाने, माझं पूर्ण नाव. माझा पासपोर्ट, पॅन, आधार, बँक सगळं माहेरच्या नावाने आहे. लग्नानंतर मी काहीच बदललेलं नाही. म्हणजे कागदोपत्री माझ्या लेकीची आई कोणी तिसरीच बाई झाली होती.

नगरपरिषदेतले जन्म-मृत्यू विभागाचे काका स्वभावाने भले होते. त्यांनी नोंद काढून दाखवली आणि म्हणाले, "ताई, दवाखान्यातून येतं तेच आम्ही चढवतो. ते म्हणाले चुकलं, तर आम्ही दुरुस्त करू." दवाखान्यात गेलं तर तिथे म्हणे, "आम्ही पाठवून दिलं, आता ते नगरपरिषदेचं काम." या दोन टेबलांच्या मध्ये बाबांनी बऱ्याच चकरा मारल्या. शेवटी कामी आलं ते बाबांचं चिवट बसून राहणं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ मध्ये नोंद दुरुस्त करायची तरतूद आहे आणि तो अधिकार निबंधकालाच आहे, हे त्यांनी कुठूनतरी वाचून ठेवलं होतं. दवाखान्याचं पत्र, आमच्या दोघांच्या पासपोर्टच्या प्रती, विवाह नोंदणीचा दाखला आणि एक प्रतिज्ञापत्र एवढं दिल्यावर आईच्या रकान्यात एकदाची मी आले.

यात एक मेख आहे. नावाची दुरुस्ती आणि नाव चढवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्या कामाचा बऱ्याच जणांना विसर पडतो. आपल्याकडे नाव ठरतं बारशाला, आणि जन्माची नोंद त्याआधीच झालेली असते. त्यामुळे पहिला दाखला निघतो तो बाळाच्या नावाचा रकाना कोरा ठेवून. असा बिननावाचा दाखला पासपोर्टला उपयोगाचा नाही. नोंदीत नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं, नंतर विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. पण प्रवास तोंडावर असेल तर बारसं झाल्यावर लगेच तो अर्ज करावा. आमचं बारसं तर अर्धं जर्मनीत झालं: आत्याने व्हिडिओ कॉलवरून कुर्र केलं, आणि दुसऱ्या दिवशी बाबा अर्ज घेऊन नगरपरिषदेत हजर. भटजींनी काढून दिलेलं जन्मनाव वेगळं होतं. ते पत्रिकेतच राहू द्या, नोंदीत दोन नावं घालायचा मोह टाळा.

नाव कसं लिहायचं यावर घरात दोन तट पडले. लेकीच्या नावाच्या शेवटी दीर्घ ई आहे. ती इंग्रजीत एका आयने लिहायची की दोन ईंनी, यावर नवरा आणि सासरे यांची चर्चा जेवणाच्या ताटावर सुरू झाली ती हात वाळले तरी थांबेना. एका चुलत दिरांनी अंकशास्त्राचा आधार घेऊन एक जास्तीचा ए सुचवला, त्यांना चहा देऊन वाटेला लावलं. माझं म्हणणं एवढंच होतं की जे ठरवाल ते आयुष्यभर तिला फोनवर लोकांना सांगत बसावं लागणार आहे, तेव्हा कमीत कमी अक्षरांत बसवा. एका आयवर तडजोड झाली.

मग मधलं नाव. मराठी घरात मुलांच्या नावामागे वडिलांचं नाव लागतंच. त्यात राज्य सरकारचा निर्णय असा की १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम असावा. सासऱ्यांनी ते कात्रण जपून ठेवलं होतं. पण जन्माच्या नोंदीत आईचं आणि वडिलांचं नाव यांना स्वतंत्र रकाने आहेतच. म्हणून बाळाच्या रकान्यात आम्ही तिचं नाव आणि आडनाव एवढंच घातलं. आडनाव मात्र आवर्जून घालून घ्या. नुसतं "अमुक" असं एकशब्दी नाव पासपोर्टवर आलं तर पुढे कटकटी होतात. संयुक्त अरब अमिरातींनी २०२२ मध्ये एकशब्दी नावाच्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसाने येणाऱ्यांना प्रवेश बंद केला, तेव्हा दुबईला निघालेल्या अनेकांची पंचाईत झाली होती.

नवा दाखला हातात आला, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत, आणि त्यानंतर सगळं भराभर झालं.

पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर खातं उघडायचं आणि फॉर्म भरायचा. तो मोठ्यांचाच फॉर्म आहे, त्यामुळे तीन महिन्यांच्या मुलीचं शिक्षण, नोकरी आणि शरीरावरची ओळखखूण हे सगळं विचारतात. शिक्षणाला सगळ्यात खालचा पर्याय निवडला. ओळखखूण म्हणून मानेवरचा लाल डाग लिहावा असं नवऱ्याच्या मनात होतं. तो वर्षादीडवर्षात जाईल असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून मी तो रकाना मोकळा सोडायला लावला. ईसीआरच्या, म्हणजे काही देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागते का या प्रश्नाला अडखळू नका, अठरा वर्षांखालची सगळी मुलं त्यातून वगळलेली आहेत. ३६ पानी पासपोर्टची लहान मुलांसाठीची फी हजार रुपये, आणि आठ वर्षांखालच्यांना दहा टक्के सूट, म्हणजे नऊशे. तत्काळ घेतलं तर वर दोन हजार. आम्हाला तत्काळची गरज वाटली नाही.

सोबत लागतं अ‍ॅनेक्शर डी. हे आईवडील दोघांनी द्यायचं संमतीपत्र: हे मूल आमचं, त्याला पासपोर्ट द्यायला आमची दोघांची हरकत नाही. स्टॅम्प पेपर नको, नोटरी नको. २०१६ च्या डिसेंबरपासून ही सगळी पत्रं साध्या कागदावर चालतात. तरी झेरॉक्सवाल्या दादांनी आम्हाला शंभराच्या स्टॅम्पवर करून घ्या असं निक्षून सांगितलं. त्यांचा धंदा आहे, पण तुम्ही संकेतस्थळावरचा नमुना छापा, सह्या करा, झालं. आईवडिलांपैकी एकाचीच सही मिळू शकत असेल, एकटी आई असेल, तर त्यासाठी अ‍ॅनेक्शर सी आहे, आणि अर्जात एकाच पालकाचं नाव दिलं तरी चालतं. माझी एक मैत्रीण हे माहीत नसल्यामुळे वर्षभर थांबली होती, म्हणून मुद्दाम लिहिते.

आता फोटो. मोठ्यांचा फोटो केंद्रातच काढतात. चार वर्षांखालच्या मुलांचा मात्र आपण न्यायचा, साडेचार बाय साडेतीन सेंटीमीटरचा, पाठीमागे पांढरं. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, दोन्ही कान दिसायला हवेत, सावली नको, आणि बाळाला धरलेला हात तर अजिबात नको. तीन महिन्यांचं बाळ बसत नाही, मान धरतं ती धरल्यासारखी. स्टुडिओवाल्याने आधी मला पांढरी चादर पांघरून खुर्चीत बसवलं आणि बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. फोटोत चादरीखालून माझं कोपर असं काही वर आलं होतं की तो फोटो मी स्वतःच नाकारला. शिवाय फ्लॅश उडाला की ती डोळे मिटायची आणि मग ओठ काढायची.

घरीच जमलं शेवटी. सकाळी अंघोळ, दूध, ढेकर झाल्यावरची पंधरा-वीस मिनिटं ती खुशीत असते. त्या वेळात खिडकीजवळ गादीवर पांढरा पलंगपोस सुरकुत्या काढून घट्ट ताणला, त्यावर तिला उताणं ठेवलं. कपडे गडद निळे घातले, कारण पांढऱ्यावर पांढरं झबलं घातलं की नुसतं डोकं तरंगताना दिसतं. झबल्याला गळ्याशी बंद नको, हनुवटी झाकली जाते. नवरा स्टुलावर उभा राहून वरून मोबाईलने फोटो काढत होता, मी त्याच्या कानाशी खुळखुळा धरला होता म्हणजे ती सरळ कॅमेऱ्यात बघेल. तीट पुसायची लक्षात ठेवा. गालावरचा काळा ठिपका फोटोत जन्मखुणेसारखा दिसतो. पुष्कळ फोटोंतून एकच असा निघाला की ज्यात डोळे उघडे आणि तोंड बंद. चेहऱ्यावर भाव मात्र एखाद्या नाराज मुख्याध्यापिकेचे आहेत. तोच छापून घेतला.

पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ आम्ही सकाळची पहिली घेतली, म्हणजे तिची झोपेची वेळ टळेल. दारात पावतीचा कागद न दाखवता मोबाईलवरचा संदेश दाखवला तरी आत सोडलं. बाळ बघून रखवालदारांनी आम्हाला बाजूने पुढे घेतलं. आत ए, बी, सी अशी तीन टप्प्यांची खिडक्यांची व्यवस्था असते. ए वर खासगी कंपनीची मंडळी कागद स्कॅन करतात आणि माहिती संगणकात तपासतात, बी वर सरकारी अधिकारी मूळ कागद पडताळतात, सी वर मंजुरी देणारे अधिकारी.

ए च्या खिडकीवर समोरच्या पडद्यावर आपला सगळा तपशील उमटतो. तिथे घाई करू नका. मी एक-एक अक्षर बोट ठेवून वाचलं, मागच्या माणसाने खाकरून दाखवलं तरी वाचलं. जन्मस्थान म्हणून माहेरचं गाव, जिल्हा, आईचं नाव माझंच. बोटांचे ठसे घेतले नाहीत, पण सहीच्या जागी अंगठा हवा होता. मुलगी म्हणून उजवा. आता तीन महिन्यांच्या बाळाची मूठ उघडून दाखवा! जितकं बोट सोडवायला जावं तितकी ती घट्ट आवळते, आणि वर आपलंच बोट पकडून ठेवते. नवरा घामाघूम झाला. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "सर, हाताच्या पाठीवरून हळू हात फिरवा, आपोआप उघडेल." तसंच झालं. मनगटाकडे पाठीवरून बोट फिरवल्यावर मूठ सैल पडली, तेवढ्यात अंगठ्याला शाईचा ठिपका लावून कागदावर टेकवला. उमटला तो वाटाण्याएवढा गोल, रेषा अशा काही नाहीतच. दुसऱ्या क्षणी तो अंगठा तोंडाकडे निघाला होता. ओला रुमाल मी दुसऱ्या हातात तयारच ठेवला होता. शाई पूर्ण जायला संध्याकाळ झाली, तोवर हातमोजा.

बी वर मॅडमनी आमचे दोघांचे मूळ पासपोर्ट मागितले, पहिल्या आणि शेवटच्या पानाच्या सही केलेल्या प्रती घेतल्या. पत्त्यासाठी नवऱ्याचा पासपोर्ट कामी आला, त्यावर आमचा सध्याचा पत्ता आहे. माझ्यावर माहेरचा आहे, त्याला कोणी हरकत घेतली नाही. त्यांनी दाखल्यावरचं माझं नाव आणि माझ्या पासपोर्टवरचं नाव शेजारी-शेजारी धरून पाहिलं आणि मान हलवली. बाबांच्या सगळ्या चकरा त्या एका मान हलवण्यात वसूल झाल्या. विवाहाचा दाखला मी पिशवीतून काढून ठेवला होता, तो कोणी मागितलाच नाही. बाळाचं आधारही नाही. सी वर तर अधिकाऱ्यांनी फाईल चाळून बाळाकडे बघून फक्त "कुठे निघाली स्वारी?" एवढं विचारलं.

आमचे दोघांचेही पासपोर्ट चालू असल्यामुळे पोलीस पडताळणी आली नाही. मंजूर झाला, छापला, पाठवला असे संदेश ओळीने येत गेले, आणि एका दुपारी स्पीड पोस्ट घेऊन पोस्टमन दारात. पासपोर्ट ज्याचा त्याच्याच हाती द्यायचा असतो, त्यामुळे त्यांनी अदबीने लेकीचं पूर्ण नाव घेऊन "मॅडम आहेत का?" असं विचारलं. मॅडम पाळण्यात होत्या. माझं ओळखपत्र बघून त्यांनी पाकीट दिलं आणि पाळण्यात डोकावून गेले. पासपोर्ट पाच वर्षांचा आहे. फोटोतली नाराज मुख्याध्यापिका तोवर ओळखू येणार नाही हे उघड आहे, पण नियम तसा आहे.

व्हिसाचं फार लिहीत नाही, देश बदलला की नियम बदलतात. जर्मनीला लागतो त्या शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालणाऱ्या व्हिसाला सहा वर्षांखालच्या मुलांना फी नाही आणि बारा वर्षांखालच्यांना बोटांचे ठसे नाहीत. अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क मात्र आम्ही भरलं. अर्जावर आईवडील दोघांच्या सह्या. तिकीट काढताना पासपोर्टवरचं नाव समोर ठेवून अक्षर न अक्षर तेच टाका, मांडीवरच्या बाळाचंही. घरातलं लाडाचं नाव टाकून मोकळ्या झालेल्या एका मामींना विमान कंपनीच्या फोनवर अर्धा दिवस घालवावा लागला होता.

नवरा रजा संपली म्हणून आधी परतणार होता आणि मी बाळाला घेऊन मागून येणार होते. म्हणून निघण्याआधीच त्याच्याकडून इंग्रजीत एक पत्र लिहून घेतलं: माझी पत्नी माझ्या मुलीला घेऊन एकटी प्रवास करत आहे, माझी संमती आहे, खाली सही, पासपोर्ट क्रमांक, फोन. आणि मागे जन्मदाखल्याची प्रत टाचली, कारण माझं आडनाव वेगळं आणि लेकीचं वेगळं. परतताना फ्रँकफर्टच्या विमानतळावर काचेमागच्या अधिकाऱ्याने आमचे दोन पासपोर्ट पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, हिची आई कोण? मी दाखला पुढे केला. त्याने आईच्या रकान्यावर बोट ठेवलं, माझ्या पासपोर्टशी ताडून पाहिलं आणि दोन्ही परत सरकवले. नवऱ्याचं पत्र त्याने उघडलंही नाही.